दहा गोळ्या, अकरा भोकं

कमठाण्याच्या प्रेमानंदानं उभ्या जन्मात कुणाला समोरून बंदूक चालवताना पाहिलं नव्हतं, आणि तरी बिदर भागातल्या तमाम हौशी नेमबाजांची नस न् नस त्याला ठाऊक होती. लोक माणसाला तोंडावरून ओळखतात, हा भोकांवरून ओळखायचा. सगळ्या गोळ्या खालच्या अंगाला सांडल्या की समजावं डॉक्टरसाहेब, चाप ओढताना दचकतात. दोन बरोब्बर मध्ये आणि बाकीच्या गावभर गेल्या की वकीलसाहेब, त्यांना धीर म्हणून नाही. हेच वकीलसाहेब बाजारात समोर आले तर प्रेमानंद नमस्कारसुद्धा घालायचा नाही, कारण तोंडच पाहिलेलं नाही. पण कागद दाखवा, लगेच नाव सांगणार.

कमठाण्याहून हळ्ळीखेडच्या अंगाला निघालं की लाल मुरमाचा एक उजाड माळ लागतो. घोडमाळ म्हणतात त्याला. निजामाच्या वेळेला तिथं पलटणीची चांदमारी, म्हणजे नेमबाजीचं मैदान होतं. पलटण गेली, निजाम गेला, चांदमारी राहिली. मग शहरातल्या चार हौशी लोकांनी क्लब काढला. रविवारी सकाळी डॉक्टर, वकील, कापडवाले, पेन्शनीतले हेडमास्तर असे सगळे जमायचे आणि गोणपाटावर पालथे पडून तीनशे यार्डांवरच्या कागदावर थ्री नॉट थ्री चालवायचे. कुणाचं त्याच्यावर पोट नाही, नुसती हौस. रायफली सरकारी कोतातून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, सह्या करून यायच्या आणि उन्हं उतरायच्या आत परत जायच्या. सगळ्या म्हाताऱ्या. लोखंडावर सन कोरलेला असायचा, कुठं १९४१, कुठं १९४३. कोणत्या मुलखात कुणावर चालल्या असतील कोण जाणे, आता घोडमाळावर कागद फोडायला उरल्या होत्या.

त्या कागदाच्या खाली, पुरुषभर खोल खंदकात, प्रेमानंद एकतीस वर्षं बसला. मार्कर म्हणतात त्या कामाला. डोक्याच्या दोन हात वर निशाणाची चौकट दोरीला टांगलेली. गोळी कागद फाडून मागच्या मातीच्या बांधात घुसली की चौकट खाली ओढायची, भोक बघायचं, लांब काठीच्या पाटीनं कुठं लागली ते वर दाखवायचं, मग भोकावर कागदाचं ठिगळ डकवून चौकट परत वर. खळ घरून यायची. सावित्रीबाई, म्हणजे त्याची बायको, दर शनिवारी मैद्याची खळ शिजवायची आणि किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायची. त्या खळीनं त्यानं किती हजार भोकं बुजवली असतील, त्याला गणती नाही.

या कामानं त्याचे कान खाल्ले. डोक्यावरून गोळी जाते तेव्हा नुसता आवाज होत नाही, कडाडकन चाबूक फुटतो. एकतीस वर्षं तो चाबूक ऐकून उजवा कान पार गेला आणि डावा अर्धा. क्लबला त्यानं हे कळू दिलं नाही. शेजारी पहिल्या नंबरवर भीमण्णा बसायचा, त्याचा जोडीदार, बिनतारीचा डबाही त्याच्याच जवळ. गोळी लागली की भीमण्णा याच्या गुडघ्यावर टिचकी मारायचा. वरून निरोप आला की हातानं खुणा करायचा. भला माणूस. त्याच्या जिवावर प्रेमानंदाचं बहिरेपण तीन-चार वर्षं झाकून गेलं.

आता पेन्सिलीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, तिच्यावाचून पुढचं काही समजायचं नाही.

कामाला लागला त्याच वर्षी एक बडे साहेब पाहुणे म्हणून आले. दहापैकी चार गोळ्या कागदाला लागल्या, सहा रानात गेल्या. क्लबचे सेक्रेटरी बसवंतप्पा खंदकात वाकून म्हणाले, साहेबांचं जरा बघून घे. काय बघायचं हे याला उमगेना. तेव्हाच्या जुन्या मार्करनं कानावरची पेन्सिल काढून याच्या हातात दिली. थ्री नॉट थ्रीची गोळी आणि साधी पेन्सिल, जाडी उन्नीस-बीस. कागदातून आरपार घातली की भोक पडलं. साहेब खूश झाले, फोटो निघाले, आणि प्रेमानंदाला दोन वेळा चहा मिळाला.

झालं, तेव्हापासून रीतच पडली. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाची पैज, कुणी सासरा जावयाला घेऊन आलेला, सगळ्यांच्या हुकलेल्या गोळ्या प्रेमानंदाच्या पेन्सिलीनं कागदाला लागायच्या. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान वाटायचा. अगदी मधोमध तो कधी भोक पाडायचा नाही. आठाच्या गोलात, फार तर नवाच्या कडेला. लबाडीलासुद्धा माप लागतं, असं तो भीमण्णाला सांगायचा. हौसेचा खेळ आहे, कुणाचं काय जातं? कुणाचं काहीच जात नव्हतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

मैत्रेयी त्याची एकुलती लेक. कडगंचीला युनिव्हर्सिटीत शिकली, एम.ए. झाली. कॉलेजात असताना एन.सी.सी.त छोटी बंदूक चालवलेली. एका रविवारी बापाची भाकरी घेऊन घोडमाळावर आली आणि कुणीतरी कौतुकानं तिला गोणपाटावर पालथं पाडून हातात थ्री नॉट थ्री दिली. खाली खंदकात प्रेमानंदाला याचा पत्ता नव्हता. त्यानं चौकट खाली ओढली आणि बघतच राहिला. पाच गोळ्या, पाचही तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ. इतक्या वर्षांत असा कागद त्याला दिसला नव्हता. भीमण्णाचा दंड धरून तो विचारायला लागला, हा कोण आलाय नवा, कुठल्या गावचा?

भीमण्णानं वरचा निरोप ऐकला होता. तो हसून म्हणाला, "आरं, तुझीच पोरगी हाय की ती."

त्या दिवशी प्रेमानंद खंदकात बसून रडला. भीमण्णा म्हणाला धूळ गेली असंल डोळ्यात, तर हा म्हणाला, धूळ न्हाई, मी रडायलोय.

पोरगी मग दर रविवारी यायला लागली. त्या बंदुकीचा धक्का म्हणजे बैलाची धडक, खांदा काळानिळा व्हायचा. सावित्रीबाई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची आणि शेकता शेकता बडबडायची, की पोरीच्या जातीला हे कामून पायजे, कोण नांदवून घेईल असल्या खांद्याला. मैत्रेयी नुसती हसायची. आठवडाभर बंदूक हातात यायची नाही, तर अंगणात पालथी पडून काठीच्या टोकाला वीट बांधून ती काठी तोलत राहायची. कोंबड्या पाठीवरून जायच्या, ही हलायची नाही.

पेन्सिलीचं तिला वर्षभरात कळलं. लपणार कसं? सगळा क्लबच हसत हसत बोलायचा. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. बुद्धाच्या तसबिरीसमोर बापाला उभं केलं आणि म्हणाली, "अप्पा, सायबांच्या कागदावर काय करायचं ते करा. माझ्या कागदाला पेन्सिल लागली तर मी पुन्हा बंदूक धरणार न्हाई." प्रेमानंदानं शब्द दिला. मनापासून दिला, आणि चार वर्षं पाळला. पाळायला अवघड नव्हतं म्हणा, तिला कधी गरजच पडली नाही.

गरज पडली ती नोकरीपायी. सरकारी खात्यातल्या भरतीत दोनदा तिचं नाव यादीच्या तोंडाशी येऊन राहिलं. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा राहिलं तेव्हा ती चार दिवस उठली नाही, अन्नाला शिवली नाही. पाचव्या दिवशी सकाळी अंथरुणात नव्हती. सावित्रीबाईनं शोध शोध शोधलं, तर पांढरीतल्या जुन्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली. हाताला धरून घरी आणली, अंघोळ घातली, भाकरीचा काला भरवला. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या घरात विहिरीचं नाव कुणी काढलेलं नाही. पण प्रेमानंद पहाटे उठला की आधी लेकीचं अंथरूण बघायचा, मग चूळ भरायचा.

यंदा तिची वयाची मर्यादा संपत होती. शेवटचा अर्ज खेळाडूंच्या कोट्यातून, आणि त्याला राज्याच्या स्पर्धेचं सर्टिफिकेट हवं. राज्याला बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतून मिळून एकच बाई जाणार, आणि ती ठरणार जानेवारीतल्या घोडमाळाच्या स्पर्धेत. पुढच्या वर्षी बघू म्हणायचीही सोय नव्हती, कारण पुढचं वर्षच नव्हतं. म्हाताऱ्या रायफली मार्चात कायमच्या जमा होणार होत्या. काडतुसं नवी मिळत नव्हती, जुन्या पेट्यांतली संपवायची, आणि त्यातलीही पुष्कळशी दमट पडून फुसकी निघायला लागलेली. म्हणजे सगळं त्या एका रविवारावर येऊन बसलं. दहा गोळ्या, बस्स.

आदल्या आठवड्यात प्रेमानंदानं लेकीशी बोलावं तर ती नुसती हूं म्हणायची. सावित्रीबाई रोज रात्री कूस बदलत एकच विचारायची, हिचं न्हाई झालं तर? मनात त्यालाही तेच एक दिसायचं, विहिरीच्या काठावरनं लोंबणारे पाय.

रविवार उजाडला. बायकांच्या शेवटच्या फेरीत चौघीजणी, एक ते चार नंबरची चार निशाणं. कागद सगळे कोरे करकरीत, एकावरही ठिगळ नाही. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मैत्रेयीला चार नंबर आला. कलबुर्गीकडची तुळजा नावाची एक पोरगी तीन नंबरला. तिची ख्याती अशी की ती गोळी वाया घालवत नाही.

नियम असा, की आपल्या माणसाच्या निशाणाखाली मार्करनं बसायचं नाही. साधा, शहाणपणाचा नियम. प्रेमानंदाची जागा नेहमीसारखी दोन नंबरला, भीमण्णाच्या मांडीला मांडी लावून. पण त्याच्यानं राहवेना. तो उठून चार नंबरला गेला आणि तिथल्या शिवय्याला म्हणाला, तू माझ्या जागी जा, मी हितं बसतो. शिवय्या नियमाचा माणूस, तो नको नको म्हणाला. प्रेमानंदानं त्याचे हात धरले. म्हणाला शेवटचा कागद आहे तिचा, बापाला बघू दे. शिवय्या मऊ पडला आणि उठून गेला. घात तिथंच झाला. कारण आता भीमण्णा राहिला पार त्या टोकाला, बिनतारी त्याच्या जवळ, आणि अर्ध्या कानाचा प्रेमानंद या टोकाला एकटा.

शिट्टी झाली आणि चारी बंदुका एकदम सुरू झाल्या. कडाड, कडाड. चौघींचे बार एकात एक मिसळलेले, त्यात आपल्या निशाणावरचा कोणता आणि शेजारचा कोणता हे धड कानाच्या माणसालाही समजलं नसतं. दहा मिनिटं चौकट वरच ठेवायची, खाली ओढायची नाही. प्रेमानंद मान वर करून कागदाच्या मागच्या बाजूकडं बघत राहिला. एक भोक. दोन. तिसरं त्यांना खेटून. उजेड भोकांतून बारीक खाली यायचा. पाच झाली, सहा झाली. सात, आठ. बऱ्याच वेळानं नववं. मग काही नाही.

त्यानं वाट पाहिली. डोळे फाडून पाहिली. वर बंदुका थांबल्या आणि शेवटची शिट्टी फुटली. ती तेवढी त्याला ऐकू आली, कारण तिची तो वाटच बघत होता. चौघांनीही चौकटी खाली घेतल्या. त्यानं बोट लावून मोजलं. नऊ. दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. कडेचा पांढरा भाग चाचपला, चौकटीची लाकडं चाचपली, कुठं टवका उडाला असेल तर. नऊच.

म्हणजे एक हुकली. त्या तुळजाची एकही हुकणार नाही, आणि हिची हुकली. आता गुण मोजणाऱ्या नेत्रावती मॅडम वरून चालत येणार, तीनशे यार्डांची वाट, चार-पाच मिनिटं. मग त्या आकडे लिहिणार आणि सगळं संपणार. प्रेमानंदाला लेक दिसली नाही, बंदूक दिसली नाही, नोकरी दिसली नाही. पहाटेचं रिकामं अंथरूण दिसलं. बुद्धासमोर दिलेला शब्द आठवला का? आठवला की. पण शब्द पाळून लेक गेली तर तो शब्द घेऊन काय चाटायचाय?

हात आपसूक खिशात गेला. पेन्सिल निघाली. कागदातून आरपार घातली, भोक पडलं. नवाच्या गोलात, वरच्या अंगाला, मापात. झाली दहा.

त्यानं पेन्सिल खिशात टाकली आणि भिंतीला टेकला. तेवढ्यात त्या टोकाकडून भीमण्णा धावत येताना दिसला. कधीपासून ओरडत होता कोण जाणे. जवळ येऊन त्यानं याच्या खांद्यावर थाप मारली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "चार नंबर वर घे! तिचा एक राऊंड फुसका निघालाय. पोरगी परत मारायलीय!"

प्रेमानंदाला आधी शब्द कळले, मग अर्थ कळला. मैत्रेयीची दहावी गोळी हुकली नव्हती. सुटलीच नव्हती. तिनं चाप ओढला, म्हाताऱ्या काडतुसानं दगा दिला, तिनं नियमाप्रमाणं हात वर केला आणि बदली गोळी मागितली. बिनतारीवर निरोपही आला होता. रोजच्या जागी बसला असता तर भीमण्णानं गुडघ्यावर टिचकी मारून सांगितलं असतं.

तो तोंड उघडणार, तर भीमण्णा म्हणाला, असा दगड झाल्यागत कामून उभारलास? आणि दोरी आपल्याच हातानं खेचून चौकट वर चढवलीसुद्धा. भल्या माणसानं मदत केली. दहा भोकांचा कागद वर जाऊन उभा राहिला आणि त्याच्यावर आता अकरावी गोळी यायची होती.

ठिगळ डकवावं तर कोऱ्या कागदावरचं ठिगळ आंधळ्यालाही दिसेल. खाली ओढावं तर दोरी भीमण्णाच्या मुठीत. एकच वाट राहिली होती. ती गोळी हुकली तर भोकं दहाच राहणार होती.

प्रेमानंदाचं घर नवस-सायास सोडलेलं घर. आज्यानं छप्पन सालानंतर सगळे देव तळ्यात सोडले, तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाकडं काही मागितलं नाही. मागायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण त्या मिनिटाला त्यानं हात जोडले. कुणाला जोडले त्याचं त्यालाच माहीत नाही. डोळे मिटले आणि म्हणत राहिला, चुकू दे. माझ्या लेकीची गोळी चुकू दे. एवढी एक चुकू दे. जिच्या नेमावर हा माणूस खंदकात बसून रडला होता, तिच्यासाठी तो हे मागत होता.

कडाड झालं. एकटीच गोळी, ती त्याच्या मेल्या कानालाही ऐकू आली. बांधावरची माती उडाली. भीमण्णानं वर बघितलं आणि आनंदानं याची पाठ बडवली. बरोब्बर मधोमध, दहाच्या गोलात.

नेत्रावती मॅडम खंदकात उतरल्या. बाहेरून आलेल्या, कडक बाई, चष्मा नाकावर. एक, दोन, तीन नंबरचे कागद मोजले, दहा-दहा भोकं बरोबर. चार नंबरला आल्या. मोजलं. परत मोजलं. शेजारच्या कुणाची गोळी चुकून इकडं आली म्हणावं, तर शेजारच्यांच्या दहाही जागच्या जागी. मग त्यांनी चष्मा काढला, कागदाला नाक लावलं आणि एकेक भोक बघत गेल्या. गोळीच्या भोकाला काळपट कड असते, गोळीवरचं तेल-काजळी कागदाला पुसलं जातं ना. दहा भोकांना ती कड होती. नवाच्या गोलातल्या एका भोकाला नव्हती.

"हे कुणी पाडलं?" त्यांनी विचारलं.

"म्या पाडलं," प्रेमानंद म्हणाला. तेवढं एक त्यानं सरळ केलं.

एव्हाना वरून पाच-पंचवीस माणसं काठावर जमली होती. प्रेमानंद मॅडमच्या पायाशी बसला. म्हणाला हे एक सोडून द्या, कड बघा, बाकीच्या दहा तिच्याच हायेत, तिला यातलं काही ठाऊक न्हाई. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी कागद खाली ठेवला आणि सांगितलं, की दहा तिच्या आहेत हे मलाही दिसतंय, पण मार्करचा हात लागलेला कागद मोजता येत नाही. दुसरा कुणी मार्कर असता तर पुन्हा मारू दिलं असतं. बाप खाली बसलेला, तोही जागा बदलून, म्हणजे नाव कापण्यावाचून माझ्या हातात काही नाही.

प्रेमानंदानं वर काठाकडं बघितलं. ज्यांची तोंडं कधी पाहिली नव्हती ती सगळी तिथं उभी होती. त्यातल्या निम्म्यांच्या गोळ्या यानं पेन्सिलीनं लावल्या होत्या. वाटलं, कुणीतरी म्हणेल, अहो मॅडम, ही आमच्याकडची जुनी रीत आहे, पोरीचा काय दोष. बसवंतप्पा पुढं झाले. ऐंशीला टेकलेला म्हातारा, धोतर सावरत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आमच्या क्लबात असं आजवर कधी झालेलं न्हाई, मॅडम."

कुणी हसलं नाही. कुणी नाहीही म्हटलं नाही. भीमण्णा तेवढा खाली बघत राहिला.

तासाभरात फळ्यावर आकडे लागले. तुळजा पहिली, त्र्याऐंशी. चार नंबरच्या ओळीवर आडवी रेघ. शिवय्यानं गुंडाळलेला कागद आणून प्रेमानंदाच्या हातात दिला, नाहीतरी जाळायचाच होता. भोकं मोजत बसलेल्या माणसानं तोवर गुण मोजलेच नव्हते. आता मोजले. बदली गोळी धरून तिचे पंच्याण्णव होत होते. ती सोडून नुसत्या नऊ गोळ्यांचे पंच्याऐंशी. एक खरंच हुकली असती तरी तीच पहिली होती.

मैत्रेयी रायफली न्यायला आलेल्या जीपच्या मागं बसून राहिली होती. रायफल पुसून, बोल्ट उघडून, नियमाप्रमाणं जमा केली. मग बापाकडं आली आणि म्हणाली चला. प्रेमानंदाची जुनी लुना चालू करायला दोघांनाही सुचलं नाही. प्रेमानंद ती हातानं ढकलत चालला, मैत्रेयी शेजारून. लाल मुरूम पायाखाली करकरत होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

माळ ओलांडता ओलांडता ती म्हणाली, "तुमाला वाटलं मी चुकले."

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ती त्याच्या डाव्या अंगाला होती, म्हणून त्याला ऐकू आलं. तो व्हय म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"आख्ख्या जिल्ह्याच्या चुकलेल्या गोळ्या झाकल्या तुमी, अप्पा. माझी चुकलीच नव्हती."

प्रेमानंद थांबला. लुना त्याच्या अंगावर कलली. आता एवढं झाल्यावर पोटात ठेवून काय करायचं, असं त्याला झालं. एक लबाडी झाकायला दुसरी करायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्यानं तिला सांगून टाकलं. भीमण्णानं चौकट वर घेतली तेव्हापासूनचं सगळं सांगितलं. डोळे मिटले, हात जोडले. "तू शेवटची मारायलीस तवा, माय, मी म्हणायलो होतो, चुकू दे हिची."

कागद मोजल्यापासून पहिल्यांदा मैत्रेयीचे डोळे भरले. खालचा ओठ दातांनी दाबून धरला. मग लुनाचं दुसरं हँडल तिनं आपल्या हातात घेतलं, कारण बापाच्यानं ती आता पेलत नव्हती.

"बाकी सगळं आईला सांगा," ती म्हणाली. "हे सांगू नका."